नारायण पेठेतला समुद्र

समुद्रापासून इतक्या दूर राहून समुद्राची इतकी काळजी वाहणारा माणूस साऱ्या पुण्यात दुसरा सापडणार नाही, असं मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांबद्दल छातीठोकपणे सांगू शकते. सरांना पोहता येत नव्हतं. कोकणात जायचं म्हटलं की घाटातल्या पहिल्याच वळणावर त्यांच्या पोटात ढवळायला लागे, त्यामुळे समुद्राची आणि त्यांची प्रत्यक्ष भेट क्वचितच झालेली. पण निवृत्ती जवळ आली असताना त्यांनी ठरवलं, की नारायण पेठेतल्या आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्याची टाकी उभी करायची आणि तीत जिवंत प्रवाळ वाढवायचं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "पुस्तकातलं प्रवाळ मुलांना फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं दिसतं. तो प्राणी आहे हे त्यांना पटत नाही. बरोबरच आहे. मी तरी कुठे पाहिलाय?"

मुळात सर कोणतीही गोष्ट मोजल्याशिवाय मान्य करत नसत. शिक्षकांच्या खोलीत चहा गार आल्याची कुणी तक्रार केली, तर ते आधी थर्मामीटर बुडवून बघत आणि मगच सहानुभूती दाखवत. टाकी आल्यावर हा स्वभाव फारच बळावला. साबणाने हात धुतलेला माणूस त्यांना संशयित वाटू लागला. अत्तर लावून आलेल्या इतिहासाच्या सरांना त्यांनी प्रयोगशाळेच्या दारातूनच, अत्यंत आदराने, परत पाठवलं. माशांना ते अहो-जाहो करत. मी मराठी शिकवते, म्हणून एकदा धीर करून म्हटलं, की माशाला आदरार्थी बहुवचन जरा जास्त होतं. त्यावर त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "अहो बाई, त्यांना आपण त्यांच्या घरून बोलावून आणलंय."

बोलावलं खरं, पण मासे यायलाच तयार नव्हते. शुद्ध केलेल्या पाण्यात मीठ विरघळवून, तळाशी सच्छिद्र दगड रचून सरांनी टाकी भरली आणि मग आठवड्यामागून आठवडे नुसतं पाणीच दिसत राहिलं. पंप घुरघुरायचा, दिवे लागायचे, आणि आत कुणीच नाही. आमच्या मुख्याध्यापिकांची जीभ अस्सल पेठेतली. त्या येता-जाता विचारायच्या, "सर, मासे रजेवर आहेत का? अर्ज आलेला दिसला नाही." सर शांतपणे सांगत, की दगडांमध्ये न दिसणारे जीवाणू वाढताहेत, माशांची घाण तेच पचवणार आहेत, तोवर मासा सोडला तर तो स्वतःच्याच घाणीने मरेल. "आधी मोरी, मग पाहुणे," एवढंच ते वर म्हणत. मुलं रोज रिकाम्या पाण्याकडे बघायची. इतकं धीराने काही बघताना मी त्यांना एरवी कधी पाहिलं नव्हतं.

मग एक दिवस नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची जोडी आली आणि मागोमाग प्रवाळ आलं. दगडी प्रवाळ समुद्रातून काढायला कायद्याने बंदी आहे. सरांनी आणलं ते मऊ जातीचं, टाकीतच वाढवलेलं. त्याची इवली तोंडं उमलली तेव्हा एक मुलगी कुजबुजली, "सर, ते जेवायला उठलंय." सरांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

मार्चअखेरच्या एका रविवारी पेठेतली वीज गेली. रविवारीही टाकी बघून जायची सरांची सवय होती, म्हणून निदान कळलं तरी. मी शनिवार पेठेत राहते आणि आमच्याकडे वीज होती. त्यांचा फोन आला तशी मी फ्रीजमधल्या बर्फाच्या बाटल्या पिशवीत भरून धावले. सर घामाने निथळत होते. पाणी थंड ठेवणारं यंत्र बंद, पंप बंद. माशांना हवा मिळावी म्हणून ते तांब्याने पाणी उचलून उंचावरून परत टाकीत सोडत होते, एकसारखे. थोड्या वेळाने मुख्याध्यापिका आल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. त्यांनी पदर खोचला आणि सरांच्या हातातून तांब्या घेतला. "बसा. निम्मा समुद्र फरशीवर चाललाय." संध्याकाळी वीज येईपर्यंत आम्ही तिघं आळीपाळीने पाणी ओतत होतो.

मासे वाचले. प्रवाळ मात्र पुढच्या काही दिवसांत पांढरं पडत गेलं. टाकीवर कापड टाकावं असं मी सुचवलं, ते सरांनी ऐकलं नाही. त्यांनी सगळा वर्ग टाकीसमोर बसवला. प्रवाळाच्या अंगात राहून त्याला रंग आणि अन्न देणारं शेवाळ उष्णतेने निघून गेलंय, ते परत आलं नाही तर प्रवाळ उपाशी मरेल, असं सांगितलं. खऱ्या समुद्रातही आता असंच होतंय, हेही सांगितलं. कुणाची चूक, असं मागे कुजबुजलेल्या त्याच मुलीने विचारलं.

"इथे माझी," सर म्हणाले. "वीज जाऊ शकते हे मला माहीत होतं. बॅटरी मी नंतर बघू म्हटलं."

"मेलं का ते?"

"अजून नाही म्हणता येत. जगेल असंही मी म्हणणार नाही. आपण बघू."

परीक्षा सुरू झाल्या. पेपर देऊन मुलं घरी जायच्या आधी टाकीशी येऊन उभी राहायची. बरंचसं प्रवाळ गेलं. दगडाच्या सावलीकडची एक कड तेवढी पुन्हा तपकिरी व्हायला लागली, आणि त्याच सुमारास सर निवृत्त झाले. विज्ञानाच्या नव्या बाईंनी टाकीला इन्व्हर्टर बसवून घेतला आहे.

परवा सर मला शनिवार पेठेत भाजी घेताना भेटले. म्हटलं, एकदा येऊन बघून जा. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मी उभा राहिलो तर मुलं माझ्याकडे बघतील. त्यांनी पाण्याकडे बघायला हवं." मग भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत त्यांनी हळूच विचारलं, "केवढं झालंय?"

मी अंगठा आणि तर्जनी जराशी फाकवून दाखवली. सरांनी चष्मा सारखा केला आणि मागून हॉर्न वाजत असताना, माझ्या दोन बोटांमधल्या त्या रिकाम्या जागेकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले.