हेअरलॉच्या टेकडीवरचं कुंपण

शशिकांतराव कुलथ्यांना स्की करता येत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पंचवीस वर्षं ते हेअरलॉ स्की क्लबाचे सभासद आहेत आणि या पंचवीस वर्षांत स्कीवर जितके उभे राहिले, त्याहून जास्त वेळा आडवे झाले. तरी हेअरलॉला त्यांच्यावाचून पान हलत नाही, कारण तिथलं इंजिन फक्त त्यांचं ऐकतं.

हेअरलॉ म्हणजे आल्प्स नव्हे. उत्तर इंग्लंडातली ती एक मेंढ्यांची टेकडी. पायथ्याशी पत्र्याची शेड, शेडमध्ये जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन, इंजिनावरून टेकडीच्या माथ्यापर्यंत फिरणारा दोर. दोराची मूठ धरायची, वर ओढलं जायचं आणि घसरत खाली यायचं, झालं! बरा हिवाळा असला तर दहा दिवस. नोकरचाकर कुणी नाही, सगळं सभासदांनीच करायचं. शशिकांतराव लंडनजवळच्या स्लाऊच्या वर्कशॉपमधून इकडे खाणीच्या यंत्रांवर कामाला आले, तेव्हा त्यांची तनू सात वर्षांची होती. तिच्या हट्टापायी माकडटोपी घालून ते एका रविवारी टेकडीखाली येऊन उभे राहिले आणि नेमकं त्याच दिवशी इंजिन बंद पडलं. अस्सल मेकॅनिक दुसऱ्याच्या बिघडलेल्या यंत्राकडे नुसता बघत राहूच शकत नाही. अर्ध्या तासात त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि दोर फिरत होता. तनू त्याच दोरावर मोठी झाली.

गेल्या मे महिन्यात त्यांच्या पत्नी, वरदाताई, गेल्या. तीन महिने शशिकांतराव खुर्चीतून उठले नाहीत. पडदे बंद, फोन बंद. लंडनच्या हॅरोहून तनू दर शनिवारी यायची, फ्रिज भरायची आणि मागच्या शनिवारचं तसंच पडलेलं टाकून द्यायची. ऑगस्टमध्ये एकदा तिने त्यांना बळेच टेकडीवर नेलं. तिथली लाकडी कुंपणं आर्थर नावाचा सभासद बघायचा. तो वारल्यापासून त्यांना कुणाचा हात लागला नव्हता. शशिकांतरावांनी बघितलं तर एक फळी, एक फट, एक फळी, एक फट! त्यांचं बालपण भोरचं. तिकडे कुंपणाला फट म्हणजे शेजाऱ्याच्या शेळीला आमंत्रण. "आर्थर भला माणूस, पण कामाचा आळशी," असं म्हणून ते कामाला लागले. सहा आठवडे रोज जाऊन त्यांनी प्रत्येक फट फळी ठोकून बुजवली. भूक लागू लागली, झोप लागू लागली. लोकांनी पाठ थोपटली.

आता खरी अडचण सांगतो. टेकडी एका इस्टेटीच्या मालकीची. करारात एक कलम होतं: सलग तीन हिवाळे हा दोर स्कीवरच्या एकाही माणसाला माथ्यावर घेऊन गेला नाही, तर टेकडी परत. दोन हिवाळे बर्फाविना गेले. तिसराही कोरडाच चालला होता. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. शशिकांतराव दिवसातून वीस वेळा हवामान बघायचे. वरदाताईंसाठी जे नवस बोलून झाले होते, ते त्यांनी पुन्हा बोलून बघितले. एकतीस मार्चची मुदत, आणि एकोणतीसला रात्रभर बर्फ पडला.

सकाळी नऊजण फावडी घेऊन टेकडीपाशी पोचले. तनू पहिल्या ट्रेनने आली होती. शशिकांतराव शेडच्या कोपऱ्यावरून वळले आणि जागीच थिजले.

कुंपणाला लागून छातीएवढी बर्फाची भिंत उभी होती. दोराखालच्या वाटेवर नुसतं गवत.

त्यांच्या लगेच लक्षात आलं, आणि ते लक्षात येणं फार वाईट होतं. हे कुंपण शेळीसाठी नव्हतंच. वाऱ्याने फटींतून जावं, पलीकडे मंदावावं आणि हातातला बर्फ लांबवर वाटेवर टाकावा, म्हणून ते होतं. फटी हेच आर्थरचं काम होतं. इंजिनापाशी खाली बसून पंचवीस वर्षांत त्यांनी ते कधी बघितलंच नव्हतं.

ते फावडं घेऊन भिंतीवर तुटून पडले. बर्फ कापायचा, ताडपत्रीवर घालायचा, ओढत वाटेवर नेऊन पसरायचा. हाताला फोड आले, फुटले. तनू म्हणाली, "बाबा, थोडा बस ना, प्लीज." त्यांना ऐकूच आलं नाही. दुपारी ऊन पडलं, दक्षिणेकडून वारा सुटला आणि वरून पसरलेलं खालून वितळू लागलं. दोन वाजेपर्यंत जेमतेम तिसरा हिस्सा वाट झाकली होती. उद्या पाऊस होता.

"एकच माणूस वर जायचाय," शशिकांतराव म्हणाले. "मी जातो. तनू, तू इंजिनावर उभी राहा."

"वाट उघडी आहे, शशी. मान मोडेल," ऐंशीची डोरीन, क्लबाची अध्यक्ष, म्हणाली.

"मोडू दे!"

त्यांनी मूठ धरली. दोराने हिसका दिला. साठ पावलं ते गेले, चक्क उभे गेले, आणि मग स्की गवतात रुतल्या. ते तोंडावर आपटले. मूठ सुटली आणि दोर रिकाम्या मुठी घेऊन निवांत वर जात राहिला. उठून ते पुन्हा खाली आले, पुन्हा मूठ धरली, पुन्हा तिथेच पडले. तिसऱ्या वेळी तनूने इंजिन बंद केलं.

चिखलात बसून शशिकांतराव लहान मुलासारखे रडले. "माझ्यामुळे झालं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले. "फटी मी बुजवल्या. टेकडी मी घालवली!"

कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. डोरीन बुटांकडे बघत होती. बाकीचे एकमेकांकडे.

तनू त्यांच्याजवळ चिखलात बसली. "बाबा, त्यांना माहीत होता. नोव्हेंबरमध्ये डोरीनने मला फोन केला. शी सेड, एक सोडून एक फळी काढायला पाहिजे. मी म्हटलं, नको. आईच्या नंतर तू पहिल्यांदा जेवायला लागला होता. मी म्हटलं, हिल गेला तर गेला, पण बाबाला कुणी सांगायचा नाही. दे ऑल प्रॉमिस्ड."

शशिकांतरावांनी तिच्याकडे बघितलं, मग बाकीच्यांकडे. राग यावा तर कुणाचा?

"एक दिवस लागला असता गं," ते म्हणाले. "मला नुसतं सांगितलं असतं, तर मीच काढल्या असत्या. हसत काढल्या असत्या."