ओल्या संत्र्याचा श्वास

लाकडं वाळवायची भट्टी मी हवाबंद केली. पाणी बाहेर काढायला खोली उभारली आणि पाण्याला बाहेर जायला वाटच ठेवली नाही.

कारण होतं वहिनींचे डोळे. मोतीबिंदू इतका वाढला होता, की तव्याची कड त्या बोटांनी चाचपायच्या. दिवाळीनंतर नागपूरला ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, नंतर डोळ्यांत धूर जायला नको. घरात गॅस आहे, पण वहिनींच्या मते गॅसवर भाकर भाजत नाही, नुसती गरम होते. चूल सोडायची असेल तर ऑपरेशनच नको म्हणाल्या.

"तसंबी मले कोण काय नवीन दाखवून राहिलं?"

तेव्हा मी बोलून बसलो, "वहिनी, तुम्ही जा. धूर न होणारं लाकूड मी तयार ठेवतो."

लाकूड भरपूर होतं. पांढुर्ण्याजवळच्या आमच्या शेतातली संत्र्याची म्हातारी झाडं दसऱ्याआधीच तोडली होती. पण ती इतकी ओली, की कुऱ्हाड मारली तर तोंडावर शिंतोडे उडत. मग मोबाइलवर बघून अंगणात उन्हाची भट्टी बांधायला घेतली. बांबूचा सांगाडा, वरून पारदर्शक प्लास्टिक, आत काळे रंगवलेले टिनपत्रे. टेप कुठं सापडेना, म्हणून मापं डोळ्यांनी घेतली. माझ्या डोळ्यांवर माझा फार विश्वास. फोडलेली लाकडं आत रचली आणि एकदा आत आलेलं ऊन सुटता कामा नये म्हणून फट न् फट चिकटपट्टीनं बुजवली.

आठव्या दिवशी उघडलं. प्लास्टिकवरून पाणी टपटपत होतं. लाकडांवर पांढरी बुरशी, एकावर तर छत्री उगवलेली. बायको कापूस वेचून येत होती, ओटी तशीच भरलेली. तिनं आत डोकावून पाहिलं.

"ओला कापूस असा कोंडून ठेवला असता का तुम्ही?"

नसता ठेवला. जन्मभर ओला कापूस मी वाऱ्यावर पसरत आलो. लाकडाच्या वेळी ते कसं विसरलो, कोण जाणे.

त्याच दुपारी खाली दोन आणि वर दोन भोकं पाडली. थोड्या वेळानं वरच्या भोकाशी हात नेला आणि तसाच धरून उभा राहिलो. आतून ऊन-ऊन, ओलसर वारा येत होता, अगदी झोपलेल्या जनावराचा श्वास लागावा तसा. त्याला संत्र्याच्या सालीचा वास होता. पंखा नाही, विस्तव नाही, आवाज नाही. वीस वर्षं विहिरीतून उपसून मी या झाडांना जे पाणी पाजलं, ते आता माझ्या बोटांमधून वर निघालं होतं. तिगावकडे जाणारी रेल्वेगाडी धडधडत गेली, तरी मी हात काढला नाही.

पुढं रोज दुपारी तिथं जाऊन बसायचो. बायको म्हणायची, देवळात इतकं बसले असते तर पुण्य तरी लागलं असतं. लाकडांच्या तोंडांवर चांदणीसारख्या चिरा पडत गेल्या. एक ठरावीक लाकूड मी कापसाच्या काट्याला टांगून बघायचो. साडेचार किलोचं होतं, ते तीनवर आलं. आणि एके दिवशी दोन लाकडं एकमेकांवर आपटली तर ठण्ण वाजली. ओली असताना तीच धप्प वाजायची. लाकडाला आवाज फुटला.

ऑपरेशन झालं. बायकोनं वहिनींना महिनाभर चुलीजवळ फिरकू दिलं नाही. मग एका सकाळी त्यांनी स्वतः चूल पेटवली. मी लांब, पळायच्या तयारीत उभा. लाकडानं क्षणात पेट घेतला. जाळ सरळ, पिवळाधमक. धुराची रेघसुद्धा नाही. वहिनींनी भाकर टाकली, ती टम्म फुगली. त्यांनी काळा चष्मा काढला, कोरड्या डोळ्यांनी जाळाकडे बघितलं, मग दारातून अंगणात, भट्टीकडे. बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता दोन चांगले शब्द येणार.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "आता मले साफ दिसून राहिलं. तुमची भट्टी त पूरी वाकडी हाय."