केशरबाईची अर्धी भाकर

ज्वारीची कोठी भरलेली, चूल पेटलेली, तरी एखादी बाई उपाशी राहते, का, सांगाल? भूक नसेल, असं म्हणू नका. तलवाड्याच्या केशरबाईला भूक लागते, चांगली लागते.

ऊसतोडीच्या तेवीस हंगामांत तिनं भूक मारायला शिकून घेतलं. तोडलेल्या फडात आडोसा नाही. चहूकडं गडीमाणसं, ट्रॅक्टरवाले. पोटात गेलं की उघड्यावर शौचाला बसायची वेळ येणार. मग अर्धी भाकर, दोन घोट पाणी, बास.

आता फड सुटला, दारात संडास आला. भाकर मात्र अर्धीच राहिली. तीही घरातले गडी जेवल्यावर.

त्यात साखरेची बीमारी निघाली. गोळी घेतली की लगेच जेवायचं, नाहीतर रक्तातली साखर एकदम उतरते, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. बाईनं त्यातलं निम्मंच पाळलं. गोळी सकाळी वेळेवर, जेवण गड्यांमागून.

गेल्या महिन्यात पुतण्याच्या लग्नाच्या सुपारीला गड्यांची पंगत उठता उठेना. तीन वाजले. केशरबाईचे हात थरथरायला लागले, पदर घामानं भिजला. सून सुनितानं गुपचूप ताट आणलं.

"आत्या, तुमी खावा आधी."

जाऊ तुळजाबाई बोललीच, "खाय बाई, खाय. पाव्हण्यांचं काय, ऱ्हातेल उपाशी."

बायका हसल्या. हसणाऱ्यांत केशरबाईची सख्खी बहीणही होती. केशरबाईनं ताट सरकवलं. "मला कुठं भूक हाय."

घटकाभरानं ती पिठाच्या परातीवर कोसळली. सुनितानं गालात साखर चोळली, तेव्हा कुठं डोळे उघडले. ऊन लागलं, असं सगळ्या म्हणाल्या. मार्च उजाडायचा होता, तरी ऊन लागलं. भुकेचं नाव एकीनंही घेतलं नाही.

आज सुनिता माहेरी गेलीय. नवरा आसाराम गेवराईच्या बाजाराला. केशरबाईनं आठला गोळी घेतली, भाकरी थापल्या, फडक्याखाली झाकल्या. आता दोन वाजलेत. ती उंबऱ्यात बसलीय. तळवे गार पडलेत, समोरचा रस्ता हलल्यासारखा दिसतोय.

"भाकर खाल्ली का न्हाई?" शेजारचा बंकट जाता जाता विचारतो.

"हे येतेल ना आता. मग खाईन."

बंकट मान हलवून पुढं जातो. त्याला यात वावगं काही वाटत नाही.

तुमच्या घरात सगळ्यांमागून जेवणारी जी कुणी आहे, तिला आज पहिलं ताट वाढा. आणि तिचं पोट भरेपर्यंत तिच्या शेजारून उठू नका.