पाठीमागून बघणाऱ्या आपा

आपा माणूस आधी पाठीमागून बघायच्या, चेहरा नंतर. खुलताबादच्या स्टँडवर चहा पिताना समोरून कुणी मोटारसायकलवाला गेला, की तो दिसेनासा होईस्तोवर त्यांची नजर त्याच्या पाठीवर. मग म्हणायच्या, "हा सीटवर नाय बसला, मनगटांवर बसलाय. घरी जाऊन बायकोवर चिडणार." लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्यांचं हेच चालायचं.

शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि लांब पल्ल्याच्या सायकलिंगला लागल्या. ढगळ सलवार-कमीज, डोक्याला स्कार्फ, त्यावर हेल्मेट. आमच्या ग्रुपमधली पोरं हँडल खाली घेऊन, पाठ आडवी करून चालवायची. आपांचं हँडल सीटपेक्षा वर. पोरं त्यांच्या सायकलीला दूधवाल्याची सायकल म्हणायची. आपा म्हणायच्या, "झुकायचं नमाजला. सायकलवर बसायचं." शंभर किलोमीटर झाल्यावर पोरं ढाब्याच्या बाजेवर आडवी, आणि आपा त्यांच्यासाठी बुक्कीनं कांदे फोडताहेत, हे मी लई वेळा बघितलंय.

मी वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. अशा माणसाला दुखतंय म्हणणं जमत नाय. ठरल्या वेळात पुरी करायची दोनशे किलोमीटरची राइड मी दोनदा अर्धवट सोडली होती. करंगळ्या बधिर व्हायच्या, आणि दुसरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. आई म्हणाली, बाईच्या जातीला हे झेपायचं नाय, पुरे कर. माझ्या पाठच्या दोन बहिणी तिथंच बसून ऐकत होत्या. ते वाक्य घरात खरं ठरू द्यायचं नव्हतं, म्हणून तिसऱ्यांदा जाणं भाग होतं.

सरावाला दौलताबादच्या घाटात आपा मुद्दाम माझ्या मागं राहिल्या. वर आल्यावर म्हणाल्या, कंबर पाळण्यासारखी हलतीय, सीट उंच आहे. मग मी हौसेनं चढवलेलं स्पंजचं कव्हर त्यांनी अंगठ्यानं दाबून बघितलं आणि काढून आपल्या पिशवीत घातलं. मऊ गादीत माणूस रुततो, आणि रुतला की घासतो, असं त्यांचं म्हणणं. पोरं पुढं गेल्याची खात्री करून त्यांनी हळूच विचारलं, "पॅडवाल्या चड्डीच्या आत काय घालतेस?"

"नेहमीचंच, आपा."

"बेटा, आत काही घालायचं नसतं. त्याचीच शिवण कापतीय तुला."

मी गारच पडले. सोबतच्या सगळ्या पोरांना हे माहीत होतं, पण मला सांगणार कोण? दुकानदारानं तर ती चड्डी नजर खाली घालून, कागदात गुंडाळून दिली होती. आपा हसत सुटल्या. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. दर राइडला एकेक गोष्ट बदलून बघत त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. माझं हँडल वर आणि जवळ घेतलं, सीट खाली आणली, आणि माझ्या करंगळ्या मला परत मिळाल्या.

तिसऱ्या वेळी आपा सोबत आल्या. सिंदखेडराजाच्या पुढून वळलो, जालना मागं पडलं, आणि मग आपा मंदावल्या. बाजूला बघायचं तर मानेऐवजी खांदेच वळवायला लागल्या. बदनापूरच्या टपरीवर त्या उतरल्या. भाचा गाडी घेऊन येतोय, तू निघ, म्हणाल्या. मी सायकल भिंतीला टेकवून शेजारी बसले.

"तू इथं बसलीस तर तुझी आई जिंकली," त्या म्हणाल्या.

मी निघाले. राइड जिथून सुरू झाली त्या चिकलठाण्याला पोचले तेव्हा अजून उजेड होता आणि वेळही शिल्लक होता. आईला फोन केला. ती म्हणाली, जेवलीस का? मागून धाकटीनं विचारलं, पुढची राइड कधी.

त्यानंतर आपांच्या मानेचं ऑपरेशन झालं. आता त्या हैदराबादला लेकीकडं असतात, सायकल बंद. मध्यंतरी भाचा भेटला, त्याच्याकडून कळलं की त्या राइडच्या आधीच डॉक्टरांनी त्यांना सायकल मना केली होती. मी फोन करून जाब विचारला.

"सांगितलं असतं तर तू मला सोबत घेतलं असतंस?"

"नाय."

"मग एकटी गेली असतीस, अन् जालन्यातनंच परत फिरली असतीस."

फिरलेच असते.