दोनदा वाचलेलं नाव

देवरावचा घसा बसला होता, आणि ते काही केल्या त्याच्या आईच्या, अंजनाबाईंच्या मनातून जाईना. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. दिवसभर मान खाली घालून तारा सोलायच्या, डाग द्यायचा, गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलायचे. त्याचा घसा बसतो तरी कशाने?

चौदा एप्रिलला तो सिंदेवाहीला घरी आला, तेव्हा विहाराच्या मंडपात लोकांनी माइक त्याच्यापुढे केला. "वाच गा देणगीदारायची नावं. तुह्यावाचून मजा नाई." त्याने मान हलवली. घसा बसला म्हणाला, आणि तापलेला तवा सारावा तसा माइक मागे सारला.

तो माइक त्याचा लहानपणापासूनचा. अंजनाबाई बी.ए. झालेल्या, गावच्या शाळेत शिक्षिका. नावं कशी वाचायची ते त्यांनीच त्याला शिकवलं होतं. आधी नाव, मग बापाचं नाव, मग गाव, आणि सगळं दोनदा. पहिल्या वेळी लोक कान टवकारतात, दुसऱ्या वेळी ऐकतात. दुसऱ्यांदा नाव भोंग्यातून गेलं की मजुरी करणारी म्हातारी माणसं डोळे पुसत. जन्मात त्यांना कोणी असं पुकारलं नव्हतं.

चंद्रपूरला आयटीआयमध्ये रेडिओचं काम शिकून देवराव गडचिरोलीकडे, एटापल्लीच्याही पुढे, जंगलातल्या एका बाजारगावी दुकान टाकून बसला. "तिथी रेडिओ आहेत, दुरुस्त करणारा नाई," एवढंच त्याचं म्हणणं. वर्षभरात गोंडी बोलू लागला. वडील वामनराव वारल्यावर आईने परत बोलावलं, तरी आला नाही.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि अंजनाबाई त्याच्याकडे गेल्या. पोचल्या त्याच दुपारी तो "एका गावची बॅटरी पाहून येतो" म्हणून झोळी घेऊन निघून गेला. त्या शेजारच्या खातूनबाईंच्या ओसरीवर बसल्या. खातूनबाई बांगड्या विकायच्या. देवरावचं दुकान त्यांच्याच जागेत होतं.

"पोरगा हिरा आहे, बाई. फकत जेवत नाई. लगन करून टाका, मंग जेवीन."

"इतक्या लांब पोरगी कोण देईल?"

"घ्या! मी बल्लारशाची. मले का विमानानं आणलं इथी?"

दोघी हसल्या. दिवस कलला तसा खातूनबाईंनी ट्रान्झिस्टर लावला आणि काटा थेट टोकाला नेला, जिथं नुसती खरखर असते. खरखरीतून ढोल वाजू लागला. मग गोंडी गाणं.

"जंगलवाल्यायचा रेडिओ," त्या हळूच म्हणाल्या. "दलमवाले, म्हंजे नक्षलवाले, चालवतात. मशीन झोळीत मावते म्हणे. पाच-सात कोसातच ऐकू येते. तेंदूपानाचा भाव सांगतात, कोण्या ठेकेदारानं पुडके कमी मोजले ते सांगतात. अन खरं सांगतात हो! आकाशवाणीनं आमच्या गावाचं नाव घेतलं का कधी?"

गाणं संपलं. एक आवाज गोंडीत काही बोलला, मग तेच मराठीत. घोगरा, सावकाश.

"लच्छू. दसरूचा मुलगा. नदीटोला. लच्छू. दसरूचा मुलगा. नदीटोला. हा पोलिसांचा खबऱ्या आहे. शुक्रवारच्या बाजारानंतर जनता त्याचा निकाल लावील."

खातूनबाईंनी बटण पिरगाळलं. रेडिओ गप्प झाला.

"खातूनबाई, हा आवाज..."

"मले काई ऐकू आलं नाई, बाई. तुमालेबी नाई." बांगड्यांच्या पेटीचं झाकण लावून त्या आत गेल्या.

अंजनाबाई दुकानाच्या खोलीत गेल्या. फळीवर दुरुस्तीला आलेले संच ओळीने ठेवले होते, प्रत्येकाला दोऱ्याने नाव बांधलेलं. तिसऱ्या संचावर देवरावच्या वळणदार अक्षरात होतं: लच्छू दसरू, नदीटोला. म्हणजे ज्याचं नाव घेतलं त्याचा रेडिओ इथं मुका पडला होता. त्याने काही ऐकलंच नसणार.

दुसऱ्या दिवशी देवराव आला, तेव्हा तो संच त्यांच्या मांडीवर होता.

"हा कोणाचा?"

"असंन कोण्या गिऱ्हाइकाचा."

"नाव एकदाच वाचलं असतं ना बाबू, तं मी म्हटलं असतं दुसरा कोणी आहे. दोनदा वाचलंस."

तो उंबऱ्यातच बसला. नखाने जमीन उकरत बोलू लागला.

"पहिले नुसती गाणीच होती, माय. मशीन मीच बनवली. मंग भाव सांगाले लागलो. लोक म्हणत, आपला रेडिओ खरं बोलते. मलेबी वाटे, मी काईतरी चांगलं करून राह्यलो. मंग एक दिवस नावाची चिठ्ठी आली."

"तो माणूस?"

"बाजाराच्या रस्त्यावर सापडला."

"अन हा लच्छू? हा खबऱ्या आहे?"

"नाई." त्याचा आवाज आणखी खाली गेला. "ठाण्यातला रेडिओ दुरुस्तीले आला होता. मले ठाण्यात जाताना पाहिलं असतं तं मी संपलो असतो. म्हणून लच्छूच्या हाती धाडला. बिडीचं बंडल दिलं त्याले. हासत गेला न हासत आला. कोणीतरी पाहिलं."

"मंग सांग ना त्यायले तसं!"

"ठाण्याचा रेडिओ तू काऊन घेतला, म्हणतील. मंग माहं नाव कोण वाचन?"

"चल माह्यासंगं. आत्ताच्या गाडीनं."

"मशीन मलेच चालवता येते. सोडणार नाईत. आपलं सिंदेवाहीचं घरबी पाहून ठेवलं आहे त्यायनं."

"निदान लच्छूले तरी कळव. कुठी आहे तो?"

"जंगलात, तेंदूपानं मोजतात तिथी. बाकी सगळ्यायनं ऐकलं असंन. आता कोणी त्याच्याशी बोलत नसंन, एवढंच. त्याले वाटत असंन, काय चुकलं आपलं."

अंजनाबाईंनी संच फळीवर ठेवला. इथल्याच पोलीस ठाण्याची पायरी चढताना कोणी पाहिलं असतं तर वाचायला आणखी एक नाव झालं असतं. त्या बसमध्ये बसल्या. देवराव पिशवी द्यायला आला, पण निरोपाचं बोलला नाही. घसा बसला होता.

वाटभर त्या हिशेब लावत राहिल्या आणि तो कुठूनच जुळेना. गप्प राहिलं तर लच्छू जातो, आणि पुढच्या चिठ्ठीवरचा माणूसही जातो. मुलगा उरतो, पण नावं वाचायला. पोलिसांना सांगितलं तर आवाज कोणाचा हे पहिलं विचारतील. मग देवरावला कोण आधी गाठेल? पोलीस, की ज्यांची चिठ्ठी तो वाचतो ते? त्याला जिवंत धरा, असं सांगता येईल. ऐकतीलच असं कोण सांगणार? विहारात माइकसमोर हसत उभा राहणारा देवराव मात्र कोणत्याच वाटेच्या टोकाला दिसत नव्हता.

सिंदेवाहीला उतरून त्या घरी गेल्याच नाहीत. शाळेच्या कार्यालयाची एक किल्ली त्यांच्याजवळ असे. मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा फोन धुळीने माखला होता. शुक्रवार उद्या होता.

गडचिरोलीच्या पोलिसांना ट्रंक कॉल लावायचा, हे त्यांनी ठरवलं. आधी लच्छूचं नाव सांगायचं. त्याच्या बापाचं, गावाचं. मग दुसरं नाव. देवराव, वामनरावांचा मुलगा, सिंदेवाही. लिहून घेणाऱ्याची चूक व्हायला नको, म्हणून दोन्ही दोनदा सांगायचं.

त्यांनी पदराने रिसीव्हर पुसला आणि उचलला.