हात मोजताना

पुण्यात मी नागरिकशास्त्र शिकवायचे. जपानला, एदोगावाला आल्यावर इथल्या भारतीय शाळेत तोच विषय पुन्हा गळ्यात पडला आणि मी नेहमीसारखी अथेन्सपासून सुरुवात केली. टेकडीवर जमलेले नागरिक, हात वर करून दिलेला कौल, आजच्या लोकशाहीची मुळं तिथे कशी सापडतात, वगैरे. बायका, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले लोक त्या टेकडीवर नव्हते, हे मी एका दमात उरकायचे. परीक्षेत त्यावर फारतर एका मार्काचा प्रश्न.

आमच्या इमारतीच्या आवारात मुलं खेळायची. जपानी शाळेत गप्प गप्प असणारी माझी आठ वर्षांची लेक तिथे मात्र मनसोक्त आरडाओरडा करायची. मला तेवढंच हवं होतं. मग आवाजाच्या तक्रारी आल्या आणि खेळावर बंदी घालायची का, यासाठी सभा ठरली. सर्व रहिवाशांनी आपलं 'इकेन' मांडावं, अशी सूचना लिफ्टजवळ लागली.

इकेन म्हणजे मत, हे मी घोकून ठेवलेलं. आता मराठीत मत म्हणजे विचारही आणि मतदानही. आपण एकाच शब्दात दोन्ही भागवतो. जपानीत त्यांचे वेगळे शब्द आहेत, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

"तूच जा, तुला भाषणाची हौस," नवरा म्हणाला. लेकीला घेऊन गेले. पाठ केलेली चार वाक्यं नीट म्हटली, लोकांनी मानाही डोलावल्या. मग बंदीच्या विरोधात कोण, असं विचारल्यावर मी हात वर केला. माझं बघून लेकीनेही केला.

अध्यक्ष म्हणजे वरच्या मजल्यावरचे हसतमुख आजोबा. हात मोजत ते माझ्यापाशी आले, थांबले आणि कमरेत वाकून म्हणाले, "माफ करा. तुमचं इकेन आम्ही ऐकलं. हात मात्र घरमालकांचेच मोजतो."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आम्ही भाडेकरू. तरी माझे कान तापले. मी हात खाली घेतला. लेकीचा मात्र मला धरून खाली आणावा लागला. बंदी मंजूर झाली.

जिन्यात ती म्हणाली, "आई, तू करेक्ट बोललीस. मग काउंट का नाही केलं?"

"घर आपलं नाही म्हणून."

"आणि मोठं इलेक्शन असतं तेव्हा?"

"तेव्हाही नाही. आपण इथले नागरिक नाही."

"पण बाबा टॅक्स भरतो ना?"

अथेन्समधले परकेही कर भरायचे, वेळ पडली तर शहरासाठी लढायलाही जायचे. हे मी कितीतरी वर्गांना सांगितलंय. तिला सांगवेना.

तिने थोडा विचार केला. "मग मी मोठी झाले की जपानी होते. मग मला काउंट करावंच लागेल."

खरं तर मला कौतुक वाटायला हवं होतं. पण इथलं नागरिकत्व घेतलं की भारताचं सोडावं लागतं, हे तिला कुठे ठाऊक होतं.

"चालेल ना?" तिने जपानीत विचारलं.

नको, असं अगदी ओठांवर आलं होतं. "चालेल," मी म्हटलं.