भाऊच्या नाकावरचं लुगडं

जंगलातली गोष्ट म्हटली की तुमी वाघाची वाट पाहून राह्यले असान. नका पाहू. आग दिसली की वाघ पळते. आमीच तेवढे तिच्याकडे जात होतो.

ऐंशी सालानंतरचा एक उन्हाळा. मी दहावीत लटकलो होतो आनि पोंभुर्ण्याच्या जंगलात आग विझवाच्या रोजीवर लागलो. मोहफुलं वेचासाठी लोक झाडाखालचा पाला जाळत, ती आग सुटे, आनि आमी दहा जन हिरव्या डहाळ्यांनी तिले झोडपत जावो.

आमच्यातला सगळ्यात जुना एक गडी, त्याले सगळे भाऊ म्हनत. धुरानं त्याची छाती आधीच बिघडलेली. म्हनून तो बायकोच्या जुन्या लुगड्याचा पट्टा भिजवून नाकातोंडावर बांधे. सुती लुगडं पानी धरून ठेवते म्हने, तुमीही बांधा.

लुगड्याले हिरवा काठ होता. मले तं आयतंच सापडलं. गार्डसायबाची, मास्तरची, सगळ्याइची नक्कल मी करे. त्या दिवशी सासऱ्यासमोरून जानाऱ्या नव्या नवरीची केली. तोंडावर पदर, हातात डहाळी, लाजत लाजत आगीले जेवन वाढाले निघालो. लोक पोट धरून हसले. भाऊही हसला. मंग त्यानं ते लुगडं सोडून कमरेले गुंडाळलं.

दुपारी वारा फिरला, धूर आमच्यावर आला. मी गुपचूप माहा खांद्यावरचा दुपट्टा भिजवून नाकाले बांधला. मले कोनी हसलं नाई. नकला करनारा टोळीत मी एकटाच. भाऊ उघड्या तोंडानंच झोडपत राह्यला. बांध भाऊ, एवढंच म्हनाचं होतं. नाई म्हटलं. त्या गप्प राह्यल्याची मले अजून लाज वाटते. थोड्या वेळानं तो खोकत खाली बसला तो उठलाच नाई. आमी दोघांनी त्याले उचलून धुराबाहेर आनलं.

चार दिवसांनी त्याच्या घरी गेलो. तो बाजेवर पडून, दर श्वासाले खांदे वर उचलून राह्यला होता. मले पाहून हसाले गेला आनि खोकलाच आला. त्याची बायको मले आंगनात घेऊन गेली. आवाज तिनं चढवला नाई.

"माह्या लुगड्यावर हसलास, त्याचं मले काई नाई. पन आता तो म्हनते, पुढच्या आगीले जाईन तं काई न बांधताच जाईन. माह्यं आयकत नाई. तू शाळा शिकलास नं? मंग पह्यले तुह्या नाकाले बांध लुगडं, सगळ्याइच्या समोर. मंग त्याले सांग. तोवर माह्या घरी येऊ नको."